चौदा नंबरचं शीट

"जरा बघून दे ना ग. चौदा नंबरचं शीट आहे, तुझ्याच हातचं."

असे म्हणून धाकटीने पडदा तिच्याकडे वळवला आणि आपली खुर्ची सोडून बाजूला उभी राहिली. काचेच्या खोलीतली ती चाकांची खुर्ची, पाठीला जाळी असलेली. थोरली तिच्यावर बसली नाही. बसली असती तर सोडताना जड गेले असते, आणि ते धाकटीला दिसले असते. तिने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, उभ्या उभ्याच वाकून पाहिले, आणि तिला चूक दिसली.

चूक शोधावी लागली नाही. आपल्याच घरात कुणी कपाट हलवून ठेवले तर ते जसे दारातूनच कळते, तशी ती दिसली.

"कसं बसलंय?" धाकटीने विचारले. "साहेब केव्हाचे डोक्यावर बसलेत. मंगळवारी केबलवाल्यांची खुदाई आहे, त्याच्या आत नकाशा त्यांना द्यायचाय."

थोरलीने पडद्यावरून नजर न काढता म्हटले, "छान बसलंय."

"नक्की ना?"

"अगं, रेघ न् रेघ रस्त्यात आहे. आणखी काय पाहिजे?"

यात खोटे काहीच नव्हते. रेघ न् रेघ रस्त्यात होती. फक्त तो रस्ता दुसरा होता.

थोरली आणि धाकटी ही काही त्यांची खरी नावे नव्हेत, आणि त्या बहिणीही नव्हेत. सव्वीस वर्षांपूर्वी पाणीपुरवठ्याच्या नकाशा-खोलीत दोघी एकाच दिवशी कामाला लागल्या. तेव्हाच्या हेड ड्राफ्ट्समनला नावे लक्षात ठेवायचा कंटाळा. त्याने हजेरीपटावर वरची ती थोरली आणि खालची ती धाकटी असे ठरवून टाकले. वयात अंतर म्हणाल तर अवघे तीन महिने. पण तो माणूस निवृत्त झाला, त्यानंतर तीन साहेब आले आणि गेले, तरी नावे तशीच चिकटून राहिली. थोरलीला त्या नावाचा अभिमान होता. तिचा हात खोलीत सगळ्यांत चांगला. ट्रेसिंगच्या कागदावर ती शाईने रेघ ओढायची तेव्हा श्वास रोखून धरायची, आणि रेघ संपेपर्यंत खोलीतले बाकीचेही आपोआप रोखून धरायचे. धाकटीच्या रेघेला शेवटी हमखास एक थेंब. तो थेंब ब्लेडने खरवडून द्यायचे काम थोरलीचे. सव्वीसातली अठरा वर्षे तिने ते थेंब खरवडले, कधी कुरकुर केली नाही. आपल्यापेक्षा थोडे कमी असलेल्या माणसावर माया करणे फार सोपे असते.

मग कॉम्प्युटर आला आणि सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाची एकच जागा आली. ती कुणाची, यावर चर्चासुद्धा झाली नाही. साहेबांनी थोरलीलाच बोलावले.

"मला नको ते खेळणं," थोरली तेव्हा म्हणाली होती. "वर्षभरात बंद पडेल. हिला पाठवा, हिला हौस आहे."

पुढे हीच गोष्ट ती लोकांना जरा वेगळी सांगू लागली. सासूबाईंचं दुखणं होतं, घर सोडून राहता येईना, म्हणून मी माझी जागा तिला दिली. सासूबाई खरोखर आजारी होत्या, हेही खोटे नव्हे. पण त्या पडल्या प्रशिक्षण संपल्यावर चार महिन्यांनी. इतक्या वेळा सांगितल्यावर थोरलीला स्वतःलाच ते खरे वाटू लागले होते. आणि एकदा ते खरे मानले की काचेची खोली, चाकांची खुर्ची, साहेबांचे दिवसातून चारदा "अहो, जरा तुमचा नकाशा दाखवा" म्हणणे, हे सगळे आपल्या ताटातून उचलून नेल्यासारखेच दिसायचे. थोरलीच्या वाट्याला उरले होते जुनी शीटे काढून देणे, झटकणे, आणि परत आली की नळकांड्यात गुंडाळून ठेवणे. धाकटी हसली तरी तिच्या डोळ्यांत खुपे आणि नाही हसली तर चढून गेलीय असे वाटे.

दोघी डबा मात्र अजून एकत्रच खात. धाकटी दोन घास खाऊन झाले की सवयीने आपल्या डब्यातले तिच्या झाकणावर वाढायची. थोरली ते खायची आणि मनात म्हणायची, आता हीच मला वाढणार.

वर्षभरापूर्वीची एक गोष्ट तर तिच्या काळजात सलून राहिली होती. भांडारपालाने हौसेने कॉम्प्युटरवर मोठ्या जलवाहिनीची लांबी मोजली आणि उत्तर आले, शून्य पूर्णांक शून्य शून्य दोन. साहेब खो खो हसले. "अहो, आपली लाइन काय केसाएवढी आहे की काय?" त्यावर धाकटी पुढे झाली आणि तिने सगळ्यांना समजावून सांगितले.

"यांनी नकाशाचा जो थर मोजला तो अंशांतला आहे," ती म्हणाली. "अक्षांश, रेखांश. पृथ्वी गोल आहे ना, मग गोलावरची जागा कोनातच सांगावी लागते. ते उत्तर अंशांतलं आहे, मीटरातलं नाही. कोनाला फुटपट्टी लावून कसं चालेल?"

"मग मीटर आणायचे कुठून?" साहेबांनी विचारले.

"सांगते. माझ्या मुलीची लहानपणीची एक टोपी आहे. ती डोक्यावर असते तेव्हा गोल. मी ती इस्त्री करायला टेबलावर घेतली की सपाट होते, मग फुटपट्टी लावता येते. पण सपाट करताना कुठंतरी ताण पडतो, कुठंतरी चुणी पडते. सगळी टोपी एकदम सपाट करायला गेलात तर वाटोळं. पण रुपयाएवढाच तुकडा घेतलात तर चुणी दिसतसुद्धा नाही. आपलं शहर म्हणजे तेवढाच तुकडा. तो सपाट करून घ्यायचा आणि मीटरांत मोजायचं. याला प्रक्षेपण म्हणतात."

"वा!" साहेब म्हणाले.

"आणि एक. डोकं केवढं धरलं त्यावरही आकडे ठरतात. जुन्या मोजणीवाल्यांनी पृथ्वीचा आकार जरा वेगळा धरला होता. तेही मीटरच, हेही मीटरच, दिसायला सारखेच. म्हणून जुन्या शीटच्या आकड्यांना नुसतं नवं नाव लावायचं नाही. आकडे बदलून घ्यायचे. मिठाच्या बरणीला साखरेची चिठ्ठी लावली म्हणून मीठ काही गोड होत नाही."

सगळे हसले, भांडारपालाने टाळीसुद्धा दिली. थोरली कोपऱ्यात पेन्सिलींना टोक करत होती. ती टोपी तिने शिवलेली होती. धाकटीच्या मुलीच्या बारशाच्या आधी दोन दिवस बसून, सहा तुकडे जोडून. टोपी माझी, शीटं माझी, आणि टाळ्या हिला, हा विचार तिच्या मनात आला आणि पेन्सिलीचे टोक मोडले.

पण त्या दिवसापासून तिने एक केले. धाकटी पाच-दहा मिनिटे चहाला गेली की ती काचेच्या खोलीत जायची, खुर्चीवर न बसता उभी राहायची, आणि धाकटीची वही वाचायची. वहीत सगळे उतरवलेले होते. कुठली पद्धत अंशांतली, कुठली मीटरांतली. नाव लावणे वेगळे, बदलणे वेगळे. कॉम्प्युटर कुठे काय विचारतो आणि घाईत काय चुकते. घरी आल्यावर ती आठवेल तेवढे मुलाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहून काढी. हे शिकणे शहाणपणासाठी नव्हते. आपण हे जमवू शकलो असतो, एवढेच तिला स्वतःला पटवायचे होते. जमत होते. म्हणून तर जास्त जळत होते.

तर त्या शुक्रवारी तिला काय दिसले ते सांगायला हवे.

शहराच्या उत्तरेला कामगारांची एक वसाहत आहे. बारा गल्ल्या, सगळ्या एकसारख्या, एकमेकींना समांतर, साठ-साठ मीटरांवर. एकाच ठेकेदाराने एका दमात बांधलेली घरे. दारेसुद्धा एका रंगाची. टाकीकडून इस्पितळाकडे जाणारी साडेचारशे मिलिमीटरची लोखंडी जलवाहिनी चौथ्या गल्लीतून जाते. घरोघरच्या बारीक नळांचा थर निराळा होता, अलीकडच्या मोजणीचा, तो जागच्या जागी होता. पण पडद्यावर ही मोठी लाइन पाचव्या गल्लीत होती. सुबक, रस्त्याच्या मधोमध. कुणाला शंका येऊ नये इतकी बेमालूम. थोरलीला आली, कारण ती लाइन टाकली जात असताना चिखलात उभी राहून तिनेच मापे घेतली होती. कोपऱ्यावरच्या झडपेचा गोल तिच्या शीटवर चौथ्या गल्लीच्या तोंडाशी होता. पडद्यावर तो पाचवीच्या तोंडाशी गेला होता.

आणि का, हेही तिला तिथेच कळले. चौदा नंबरचे शीट जुन्या मोजणीच्या चौकटीवर होते. तसे त्या शीटच्या डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेले होते, तिच्याच अक्षरात. बाकीची शीटे धाकटीने नीट बदलून घेतली होती. हे घाईत राहिले. कॉम्प्युटरने विचारले असणार, हे आकडे कुठल्या पद्धतीतले? हिने नव्याचे नाव सांगून टाकले. मीठ तसेच, चिठ्ठी साखरेची. जुन्या-नव्यातला फरक साठ मीटरांचा, आणि गल्ल्याही साठ मीटरांवर, म्हणून लाइन शेजारच्या गल्लीत जाऊन पाहुणीसारखी बसली होती.

स्वतःच शिकवलेले स्वतःच विसरली, असे थोरलीच्या मनात आले, आणि खरे सांगायचे तर तिला आनंद झाला. साधासुधा नव्हे. अंगावरून गार वारा जावा तसा. केबलवाले मंगळवारी चौथ्या गल्लीत खणणार होते, नकाशाप्रमाणे ती मोकळी होती म्हणून. दोन फूट खणतील, चार फूट खणतील, कुठेतरी पाइप लागेल, आरडाओरडा होईल, आणि मग साहेब काचेच्या खोलीत जाऊन विचारतील, "काय हो, हा तुमचा नकाशा?" एवढेच तिला दिसत होते. त्याच्या पुढचे ती पाहत नव्हती.

"छान बसलंय," ती म्हणाली आणि डबा खायला गेली. धाकटीने तिच्या झाकणावर वाढले. तिने खाल्ले.

शनिवार-रविवार सुट्टी. तिचा नवरा वजनकाटे दुरुस्त करी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचे टेबल होते, त्यावर पितळी वजने ओळीने मांडलेली. दोन दिवस बायको गुणगुणते आहे, हे त्याच्या नजरेतून सुटले नाही.

"स्वारी खुशीत आहे. धाकटीची बदली झाली की काय?"

"तुम्हाला तेच सुचणार!"

"मला नाही, तुला सुचतं. आठ वर्षं रोज जेवताना तिचंच पुराण ऐकतोय. पोटात दुखतं तुझ्या, आणि औषध मला घ्यावं लागतं."

थोरली हसली. मग सहज विचारल्यासारखे तिने विचारले, "अहो, काटा चुकतोय हे तुम्हाला लगेच कळतं का?"

"कधी इकडे, कधी तिकडे असा चुकणारा लगेच कळतो." त्याने एक वजन फडक्याने पुसले. "पण सगळं सारखंच चुकवणारा काटा कळत नाही. प्रत्येक वेळी तेवढंच कमी. गिऱ्हाईकाला शंका येत नाही, दुकानदारालासुद्धा येत नाही. माझ्यासारख्याला येते, कारण माझ्याकडं खरी वजनं आहेत."

"आणि तुम्हाला कळलं आणि सांगितलं नाही तर?"

"मग काटा दुकानदाराचा, पण लबाडी माझी." त्याने मान वर करून पाहिले. "का ग?"

"काही नाही. असंच."

त्यानंतर तिचे गुणगुणणे थांबले. रविवारी दुपारी ती पडून राहिली तेव्हा डोळ्यांपुढे साहेब आले नाहीत, इस्पितळ आले. साडेचारशेची लाइन, भरल्या दाबाची. पाइपाला यंत्राचा दात लागला तर पाणी कारंज्यासारखे उडते, पण ज्याच्या अंगावर उडते तो कारंजे म्हणत नाही. एका जुन्या पाइपफुटीत एका मजुराची बरगडी मोडली होती. त्या चौकशीची आकृती थोरलीनेच काढली होती.

सोमवारी सांगू, तिने ठरवले. सोमवारी ती काचेच्या दारापर्यंत गेलीही. आत साहेब होते आणि धाकटीच्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे पाहत होते. "तुमच्या हाताखाली आणखी दोन माणसं देतोय," साहेब म्हणत होते. "नकाशा विभागाच्या प्रमुख म्हणून तुमचंच नाव वर पाठवलंय." धाकटीचा चेहरा लाल झाला होता. दारात थोरलीला पाहून तिने डोळ्यांनीच विचारले, ऐकलंस ना? त्या डोळ्यांत इतका निर्मळ आनंद होता की थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती वळली आणि आपल्या नळकांड्यांपाशी आली. भोग मग, तिच्या मनात आले.

संध्याकाळी निघताना जिन्यात केबलवाल्यांचा मुकादम भेटला. हातात पावत्यांचे पुडके, कपाळाला धूळ.

"उद्या आठला सुरू करतोय," तो म्हणाला. "चार माणसं खड्ड्यात, यंत्र वरून. धाकट्या बाई स्वतः येणारेत. म्हणाल्या, नकाशा माझा आहे, पहिला खड्डा होईस्तोवर मी तिथं उभी राहीन."

"ती कशाला?"

"मी पण तेच म्हटलं. पण ऐकतायत कुठं! तुमच्याकडूनच शिकल्या म्हणाल्या. तुम्ही म्हणे लाइन टाकताना चिखलात उभ्या राहायच्या."

थोरली उरलेला जिना कठड्याला धरून उतरली.

मंगळवारी सकाळी ती ऑफिसच्या थांब्यावर उतरली नाही. पुढे गेली. वसाहतीच्या थांब्यावर उतरल्यावर चौथी गल्ली सापडायला पाटी वाचावी लागली नाही; यंत्राचा आवाज येत होता. बावन्न वर्षांची बाई, हातात डब्याची पिशवी, भर रस्त्यातून पळते आहे, हे पाहून घराघरांतल्या बाया दारांत आल्या.

गल्लीच्या मध्ये यंत्राने चार हात लांबीचा चर खणला होता. कमरेएवढा खोल. चरात चार माणसे फावडी घेऊन उभी होती आणि काठावर धाकटी होती. डोक्यावर पिवळे हेल्मेट, हातात टॅबलेट. त्यावरचा निळा ठिपका तिची स्वतःची जागा दाखवत होता, चौथ्या गल्लीत, अगदी अचूक. आजूबाजूला मोठी लाइन कुठेच नव्हती. मोकळी जागा. यंत्राचा दात पुन्हा वर उचलला गेला.

"थांबव! बंद कर ते!"

चालकाने दचकून हात मागे घेतला. यंत्र घरघरत थांबले.

"अगं तू? इथं कशी?" धाकटी म्हणाली.

"आधी माणसं वर काढ," थोरली धापा टाकत म्हणाली. "लाइन इथं आहे. साडेचारशेची. तुझ्या पायांखाली."

"काहीतरीच काय. पाचवीत आहे. हे बघ." धाकटीने टॅबलेट पुढे केला.

"ते मला दाखवू नकोस. ही लाइन मी काढलीय. मुकादम, यंत्र मागं घ्या. हातानं खणा, इथं. आणि हळू."

मुकादमाने एकदा धाकटीकडे पाहिले, एकदा थोरलीकडे. मग त्याने माणसांना वर घेतले, एकालाच आत ठेवले, आणि स्वतः दुसरे फावडे घेऊन चरात उतरला. माती लाल होती. चार बोटे खणल्यावर ती बदलली. वाळू लागली, बारीक, धुतलेली, मुद्दाम कुणीतरी अंथरलेली. मुकादमाने फावडे ठेवले आणि हाताने वाळू बाजूला केली. खाली काळ्या लोखंडाची पाठ होती, ओलसर. त्याने तिच्यावर तळवा ठेवला.

"वाहतंय," तो म्हणाला.

यंत्राचा दात जिथे पोचला होता तिथपासून त्या लोखंडापर्यंत वीतभर अंतर होते. वर आलेल्यांपैकी एकाने खाली बसून बिडी काढली, पण पेटवली नाही.

धाकटीने टॅबलेटकडे पाहिले, मग पाइपाकडे, मग पुन्हा टॅबलेटकडे. तिचे ओठ हलत होते. ती मनातल्या मनात मागे जाऊन शोधत होती, आणि तिला सापडले.

"चौदा नंबर," ती म्हणाली. "मी बदलून घेतलं नाही. नुसतं नाव लावलं."

"हो."

"साहेब उभे होते माझ्या मागं. घाई, घाई करत होते. मी..." ती थांबली. मग तिने हेल्मेट काढले. "तुला 'नाव लावणं' म्हणजे काय ते माहीत आहे?"

थोरलीने पदराने कपाळावरचा घाम पुसला.

"शुक्रवारी मी तुला दाखवलं होतं."

"हो."

"तेव्हा दिसलं होतं तुला?"

खोटे अगदी तयार होते. काल रात्री झोपताना अचानक लक्षात आलं, एवढे म्हटले की झाले असते. धाकटीनेही ते मानले असते, तिला मानायचे होते, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. थोरलीने तोंड उघडले. सव्वीस वर्षांत या पोरीला आपण रेघेबद्दल कधी खोटे सांगितले नाही, एवढे तिला तेव्हा कळले. थेंब पडला तर पडला म्हणून सांगितले.

"दिसलं होतं," ती म्हणाली.

धाकटीने मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. चरात पाहत राहिली. चरातून वर आलेली माणसे काठावर बसली होती, त्यांच्याकडेही तिने पाहिले. मग मुकादमाला म्हणाली, "भरून टाका. वाळू आधी घाला, मग माती. जशी होती तशी." आणि रस्त्याच्या कडेला पडलेली थोरलीची डब्याची पिशवी उचलून तिच्या हातात दिली.

ऑफिसात धाकटी सरळ साहेबांकडे गेली. थोरलीला वाटले, आता आपल्याला बोलावणे येणार. आले. साहेब उठून उभे राहिले होते, असे ते कुणासाठी कधी उभे राहत नसत.

"अहो, काय हे! तुम्ही तर शहर वाचवलंत," ते म्हणाले. "या म्हणाल्या मला सगळं. चूक त्यांची होती, घाईत झाली, आणि ती तुम्ही पकडलीत. नुसती पकडली नाही, धावत गेलात. म्हणजे तुम्हाला हे कॉम्प्युटरचं सगळं समजतं आणि आम्हाला पत्ता नाही!"

थोरलीने धाकटीकडे पाहिले. धाकटी खिडकीबाहेर पाहत होती. शुक्रवारचा उल्लेख तिने केलेला नव्हता, आणि आता करणारही नव्हती.

"आता यापुढे एकही नकाशा तुमच्या सहीशिवाय बाहेर जायचा नाही," साहेब म्हणाले. "यांच्या खोलीतच तुमचं टेबल लावतो. तुमच्यासारखी नजर शेजारी असेल तर यांनाही बरं."

"मलाही तेच हवंय," धाकटी म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा होता.

टेबल आठवड्याच्या आत लागले. खुर्चीही आली, चाकांची, जाळीची. पहिल्या दिवशी थोरली तिच्यावर बसली तेव्हा ती जरा मागे सरकली, आणि थोरलीने दोन्ही हातांनी टेबल धरले. धाकटी हसली, "होते सवय." दुपारी दोघींनी डबा खाल्ला. धाकटीने झाकणावर वाढले. बाहेरून पाहणाऱ्याला काही बदललेले दिसले नसते. भांडारपाल तर म्हणाला, "आता कसं जोडीनं शोभतंय!"

जळायला आता काही उरलेच नव्हते. आठ वर्षे जे हवे होते ते मिळाले होते. साहेब आता "अहो, जरा बघा" म्हणत तिच्या टेबलाशीही येत. पडद्यावर कुठला थर अंशांतला, कुठला मीटरांतला, हे ती आता कुणाला न लपवता बघू शकत होती. धाकटीचे नाव प्रमुख म्हणून आले तेव्हा पेढे वाटताना पहिला पेढा तिने थोरलीला दिला. थोरलीला मनापासून आनंद झाला. तो आनंद तिने बोलूनही दाखवला, आणि धाकटीने "हो ना" म्हटले.

छापलेला नकाशा आला की तळाशी दोन चौकटी असत. आखणाऱ्याची एक, तपासणाऱ्याची एक. थोरली शीट पसरून जुन्या मोजणीच्या खुणा, झडपांचे गोल, गल्ल्यांची तोंडे एकेक करून जुळवी. प्रत्येक शीटला तास-दीड तास. मग सही करी, खाली तारीख घाली, आणि तो गठ्ठा संध्याकाळी धाकटीच्या टेबलावर ठेवून घरी जाई. सकाळी तो साहेबांकडे जायला तयार असे.

महिन्याभराने एका सकाळी ती लवकर आली. गठ्ठा अजून टेबलावरच होता. वरचे शीट सरळ करायला म्हणून तिने उचलले. सहीच्या चौकटीत तिची सही होती, आणि सहीच्या खाली, कोपऱ्यात, पेन्सिलीने केलेली बारीकशी खूण होती, बरोबरची. तिने पुढचे शीट काढले. त्यावरही होती. त्याच्या पुढच्यावरही. प्रत्येक झडपेच्या गोलापाशी, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी पेन्सिल टेकल्याचे ठिपके होते. तिने तपासलेले सगळे कुणीतरी ती गेल्यावर बसून, तितकेच नीट, पुन्हा तपासलेले होते. साहेबांकडे पाठवण्यापूर्वी खोडता यावे म्हणून पेन्सिल अगदी हलकी टेकवलेली होती.

जिन्यात पावले वाजली. थोरलीने शीटे होती तशी लावली, कडा जुळवल्या आणि आपल्या खुर्चीवर येऊन बसली. धाकटी आत आली, पर्स टेबलावर ठेवली, म्हणाली, "आज लवकर ग?"

"हो," थोरली म्हणाली. "सतरा नंबर मोठं आहे." आणि तिने ते पसरले, चष्मा लावला, आणि पहिल्या गल्लीपासून मोजायला सुरुवात केली.